२२१ बी, बेकर स्ट्रीट : हे घर होते तरी कुठे?

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाला ‘काय काय पाहिलंत?’ म्हणून विचारावे, तर राजाचा राजवाडा, ब्रिटिश म्युझियम, टेम्सवरचा पूल ही नावे तो सांगतोच. पण ती सांगून झाली की तो किंचित पुढे सरकतो, त्याचा चेहरा शाळकरी पोरासारखा होतो, आणि तो म्हणतो, “आणि बरं का, शेरलॉक होम्सचं घर पाहून आलो!” पुरावाही त्याच्यापाशी तयार असतो. अरुंद जिना, वर बैठकीची खोली, विस्तवाची शेगडी, व्हायोलिन, दारावर २२१ बी हा नंबर आणि भिंतीवर निळी वाटोळी पाटी. पाटीवर सालेसुद्धा घातलेली आहेत, १८८१ ते १९०४. एवढे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर शंका घ्यायची तरी कशासाठी?

तरीपण, वाचकहो, ती घ्यावी असे मला वाटते. होम्स हा कादंबरीतला माणूस आहे हे तर आपण जाणतोच. पण कादंबरीतली माणसे काल्पनिक असली तरी त्यांची घरे पुष्कळदा खरी असतात. लेखक एखादे पाहिलेले घर उचलतो आणि त्यात आपली माणसे राहायला आणतो. मग बेकर स्ट्रीटवर असे एखादे घर होते का? आणि नसेल, तर आज लोक पाहून येतात ते काय? होम्स जसा आधी पुरावा गोळा करी आणि मग बोले, तसेच आपणही करून पाहू.

पहिला साक्षीदार अर्थातच खुद्द ग्रंथ. आर्थर कोनन डॉयल हे पोर्टस्मथजवळ साउथसी येथे दवाखाना चालवणारे तरुण डॉक्टर होते. त्यांची होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली एका नाताळच्या वार्षिकात प्रसिद्ध झाली. तीत डॉ. वॉट्सन आणि होम्स दोघे मिळून २२१ बी, बेकर स्ट्रीट येथे बिऱ्हाड करतात. निजायच्या दोन खोल्या आणि बसायची एक मोठी, हवेशीर खोली, तिला दोन रुंद खिडक्या. पुढे १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात लघुकथा येऊ लागल्या, आणि त्यांतून या घराचे तपशील आपल्याला कळत गेले. वर जायला सतरा पायऱ्या आहेत. ही गोष्ट तर होम्स वॉट्सनला मुद्दाम ऐकवतो, कारण वॉट्सन शेकडो वेळा त्या चढला, पण त्याने त्या मोजल्या कधीच नाहीत. मालकीणबाई मिसेस हडसन. तंबाखू इराणी सपातेच्या चवड्यात, उत्तरे द्यायची राहिलेली पत्रे शेगडीवरच्या लाकडी फळीत चाकूने खोचलेली, आणि भिंतीवर पिस्तुलाच्या गोळ्यांनी काढलेली राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे. आता सांगा, ज्या घराच्या पायऱ्या मोजलेल्या आहेत ते घर खोटे कसे मानायचे?

पण दुसरा साक्षीदार उभा राहतो आणि सगळे बिघडवून टाकतो. हा साक्षीदार म्हणजे खुद्द रस्ता.

लंडनची बेकर स्ट्रीट ही अठराव्या शतकात वसलेली. पोर्टमन घराण्याच्या जमिनीवर विल्यम बेकर नावाच्या माणसाने ती आखली आणि तिला त्याचेच नाव पडले. आज हा रस्ता एका नावाने लांबलचक चालतो, पण डॉयल लिहीत होते तेव्हा तसे नव्हते. दक्षिणेकडचा तुकडा तेवढा बेकर स्ट्रीट. त्याच्या पुढच्या भागाला यॉर्क प्लेस म्हणत, आणि रीजंट्स पार्ककडे जाणाऱ्या टोकाला अपर बेकर स्ट्रीट. तीन नावे, आणि प्रत्येकाचे घरनंबर वेगळे. त्यातल्या खऱ्या बेकर स्ट्रीटचे नंबर शंभरापर्यंतसुद्धा पोहोचत नव्हते. म्हणजे १८८७ साली एखादा पोस्टमन २२१ नंबर शोधत निघाला असता, तर बेकर स्ट्रीट संपली असती पण नंबर काही सापडला नसता.

हे डॉयल यांच्या नजरचुकीने झाले का? तसे दिसत नाही. पहिल्या कादंबरीच्या तयारीचा त्यांच्या हातचा एक कागद उपलब्ध आहे. त्यात नायकाचे नाव अजून शेरिनफर्ड होम्स आहे, आणि त्याच्या सोबत्याचे ऑर्मंड सॅकर. पत्ता मात्र त्यावेळीच ठरलेला दिसतो : २२१ बी, अपर बेकर स्ट्रीट. पुढे ‘अपर’ हा शब्द गळाला, शेरिनफर्डचा शेरलॉक झाला आणि सॅकरचा वॉट्सन. तो भाग डॉयलना अगदीच परका होता असेही नव्हे. लहानपणी, १८७४ च्या नाताळात, ते लंडनला आले होते तेव्हा मादाम तुसाँ यांचे मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन त्यांनी हौसेने पाहिले. ते प्रदर्शन त्या काळी बेकर स्ट्रीटवरच भरत असे. रस्ता ओळखीचा, आणि नंबर मात्र असा की कोणाही खऱ्या भाडेकरूच्या दारावर तो पडू नये. माझ्या मते लेखकाने हे शहाणपण केले होते. एरवी कोणा गरीब गृहस्थाच्या घरापुढे रोज माणसे जमली असती!

आता कोणी म्हणेल, नंबर खोटा असेल, पण घर तरी खरे असेल ना? या समजुतीने कितीतरी लोकांनी बेकर स्ट्रीट पायाखाली घातली. अमेरिकेतील सेंट लुई शहराचे डॉ. ग्रे चँडलर ब्रिग्ज १९२१ च्या सुमारास लंडनला आले. एका कथेत असे आहे की होम्स समोरच्या एका रिकाम्या घरात लपून स्वतःच्याच खिडकीवर पाळत ठेवतो, आणि त्या रिकाम्या घराचे नाव कॅमडन हाउस. ब्रिग्जना या नावाचे घर खरोखरच सापडले. मग काय, त्याच्या समोरचे ते होम्सचे! नंबर निघाला १११. पण गंमत अशी की डॉयल यांच्या कथांच्या काळात रस्त्याच्या त्या भागाचे नाव बेकर स्ट्रीट नव्हतेच, ते होते यॉर्क प्लेस. पुढे १९५९ साली बर्नार्ड डेव्हिस या अभ्यासकाने दुसरी वाट धरली. त्याच कथेत होम्स मागच्या बोळांतून आणि तबेल्यांच्या गल्लीतून ज्या वळणांनी जातो, ती वळणे त्याने जुन्या नकाशांवर एकेक करून जुळवली, आणि जुन्या, खऱ्या बेकर स्ट्रीटवरच्या ३१ नंबरवर बोट ठेवले. दोघेही प्रामाणिक, दोघांचाही पुरावा एकाच कथेतला, आणि घरे मात्र दोन.

असे का व्हावे? कारण डॉयलनी ते घर कधी एकदाच नीट बांधलेच नाही. पहिल्या कादंबरीत दोन रुंद खिडक्या आहेत, तर पुढच्या कथांत बाहेर आलेली कमानदार खिडकी दिसू लागते. एका कथेत मागच्या अंगणात एकुलते एक झाड उभे राहते, आणि इतर कथांना त्याचा पत्ताही नसतो. ज्या कथेला जे लागेल ते त्या घराने पुरवायचे. खऱ्या घराचे तसे नसते. खरे घर अडते, गैरसोय करते, आपल्या सोयीने खिडक्या बदलत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे इथेच निकाल लागतो. २२१ बी या घराला मूळ असे एकच घर नाही. ते होते, पण फक्त कागदावर.

इथे हे भाषण संपायला हरकत नव्हती. पण खरी हकिगत इथून पुढे आहे. जे घर नव्हते, ते पुढे होऊ लागले!

१९२१ साली यॉर्क प्लेस बेकर स्ट्रीटमध्ये सामील झाली, आणि १९३० साली अपर बेकर स्ट्रीटही. सगळ्या लांब रस्त्याला एक नाव मिळाले आणि घरांना नवे नंबर पडले. अशा रीतीने बेकर स्ट्रीटवर २२१ हा नंबर जन्माला आला. आणि योग पाहा, त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात डॉयल वारले. नायकाच्या पत्त्याला जागा मिळाली आणि पत्ता देणारा निघून गेला.

हा नंबर कुणाच्या वाट्याला आला? घर बांधणाऱ्यांना कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या. अॅबे रोड बिल्डिंग सोसायटी हे तिचे नाव, आणि पुढे, १९४४ पासून, अॅबे नॅशनल. १९३२ साली तिची भव्य कचेरी, अॅबे हाउस, तिथे उभी राहिली आणि ओळीतले जे नंबर तिने व्यापले त्यांत २२१ होता. झाले! टपालात पत्रे येऊ लागली. कर्जाच्या अर्जांबरोबर शेरलॉक होम्सच्या नावाची पाकिटे. कुणाला नुसता नमस्कार कळवायचा होता, कुणाला सही हवी होती, आणि कुणी खरोखरीचे कोडे घालून उत्तर मागत होते. संस्थेने ती पत्रे टोपलीत टाकली नाहीत. त्यांना उत्तरे देण्यासाठी तिने एका कर्मचाऱ्याकडे होम्सच्या चिटणिसाचे काम सोपवले, आणि एकामागून एक माणसांनी ते काम कित्येक दशके चालवले. उत्तराचा आशय साधारणतः असा, की मिस्टर होम्स आता निवृत्त झाले असून ससेक्सला मधमाश्या पाळतात. हे उत्तर मला फार आवडते. ते खोटे नाही, कारण कथांत तसेच आहे, आणि पत्र लिहिणाऱ्याचे मनही त्याने मोडत नाही.

१९५१ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उत्सव झाला. त्यावेळी मेरिलबोनच्या लोकांनी होम्सचे प्रदर्शन भरवले, आणि त्यासाठी जागा मिळाली ती या अॅबे हाउसमध्येच. कथा चाळून चाळून होम्सची बैठकीची खोली तिथे जशीच्या तशी मांडली गेली. नंतर ती समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला जाऊन आली, आणि १९५७ पासून लंडनच्या नॉर्थंबरलंड स्ट्रीटवर होम्सच्याच नावाच्या एका मद्यगृहात माडीवर बसवली गेली. घर नसताना खोली मात्र प्रवास करू लागली!

मग १९९० साली आणखी एक पाऊल पुढे पडले. बेकर स्ट्रीटवर २३९ नंबरच्या जुन्या घरात होम्सचे संग्रहालय उघडले. तेच आपल्या विलायती पाहुण्याने पाहिलेले घर. दारावर २२१ बी लावण्याची परवानगी त्याला नगरपालिकेकडून मिळाली. त्यामुळे आज त्या ओळीत असे दिसते की २३७ नंतर २२१ बी येते आणि त्यानंतर २४१. गणिताच्या मास्तरांनी पाहिले तर कान धरतील! संग्रहालयाचे म्हणणे असे की २२१ बी च्या पत्त्याची पत्रे आम्हांला मिळाली पाहिजेत. संस्थेचे म्हणणे असे की इतकी दशके आम्ही उत्तरे दिली, ती पत्रे आमची. जो माणूस कधी जन्मलाच नाही, त्याच्या टपालावरून दोन खऱ्या मंडळींत वर्षानुवर्षे वाद चालला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला अॅबे नॅशनलने ती कचेरी सोडली तेव्हा तो मिटला आणि पत्रे संग्रहालयाकडे जाऊ लागली.

यात कुणाचे काय बिघडले, असे आपण म्हणाल. काही नाही. संग्रहालयात मुले येतात, खूश होऊन जातात, आणि घरी जाऊन पुस्तके उघडतात. माझी अडचण फक्त भिंतीवरच्या त्या पाटीशी आहे. तिच्यावर साले घातली आहेत म्हणून.

१८८१ हे साल कुठून आले, याचा विचार कधी केला आहे का? पहिल्या कादंबरीत होम्स-वॉट्सन एकत्र राहू लागले त्याचे साल दिलेलेच नाही. वाचकांनी ते काढले ते एका खऱ्या लढाईवरून. डॉ. वॉट्सन लष्करी वैद्य म्हणून निघतो तो मुंबईच्या बंदरात उतरतो, तिथून कंदाहार गाठतो, आणि मैवंदच्या लढाईत खांद्याला गोळी लागून जखमी होतो. ही लढाई २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात खरोखरच झाली. अयूबखानाच्या फौजेने ब्रिगेडियर बरोज यांच्या ब्रिगेडचा तीत धुव्वा उडवला. जखमी वॉट्सन बरा होऊन मायदेशी पोचायला काही महिने लागणारच, म्हणून १८८१. म्हणजे त्या पाटीवरच्या पहिल्या आकड्याला जो काही आधार आहे तो मैवंदच्या रणाचा आहे.

आणि मैवंदला पडले कोण? गोऱ्या पलटणीतले शिपाई तर होतेच. पण त्यांच्या बरोबरीने मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स होते, जेकब्स रायफल्स होते, आणि आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची एक तुकडी होती. त्या एका दिवसात या ब्रिगेडची नऊशेंहून अधिक माणसे कामी आली. गोऱ्या पलटणीच्या स्मरणार्थ इंग्लंडातील रेडिंग गावी १८८६ साली एक प्रचंड सिंह उभारला गेला. पण जगातल्या लक्षावधी वाचकांना मैवंद हे नाव माहीत आहे ते वॉट्सनच्या खांद्यामुळे. खोटी जखम लक्षात राहिली, आणि खऱ्या शिपायांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत. यात डॉयलचा दोष नाही. त्यांनी तर वाचकाला खऱ्या रणापर्यंत नेऊन सोडले. तिथून पुढे चार पावले टाकायची ती आपण टाकली नाहीत.

आता त्या निळ्या पाटीकडे पुन्हा वळू. लंडनमध्ये थोर माणसांच्या घरांवर पाट्या लावण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. पहिली पाटी १८६७ साली कवी बायरन यांच्या जन्मस्थानावर लागली. यामागे एक साधी शिस्त आहे. अमुक माणूस अमुक साली इथे राहत होता, एवढेच सांगायचे, पण ते तपासून सांगायचे. बेकर स्ट्रीटपासून दीड-दोन मैलांच्या आत हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. तिथल्या दहा नंबरच्या घरावर १९६१ साली लंडनच्या काउंटी कौन्सिलने लावलेली अशीच निळी पाटी आहे, आणि तिच्यावर नाव आहे लोकमान्य टिळकांचे. चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते विलायतेला गेले, १९१८-१९ साली त्या घरात राहिले आणि १९१९ च्या फेब्रुवारीत तो खटला हरले. त्या जिन्याच्या पायऱ्या कुणी मोजल्या नसतील, पण त्या ते खरोखर चढले.

आणखी एक घर. रीजंट्स पार्कच्या पलीकडे किंग हेन्रीज रोडवर, तेही दहा नंबरचेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली विद्यार्थी म्हणून तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेऊन तिथे स्मारक केले. पण राहत्या घराचे संग्रहालय करण्याला स्थानिक नगरपालिकेची हरकत होती, चौकशी झाली, आणि २०२० साली वरून परवानगी मिळाली तेव्हा कुठे प्रश्न सुटला. जो नव्हता त्याच्या दाराला हवा तो नंबर मिळाला, आणि जो होता त्याच्या घराला स्मारक म्हणून उघडे राहण्यासाठी झगडावे लागले. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या, शेजारशेजारच्या नगरपालिकांतल्या.

लांबून पाहणाऱ्याला या सगळ्या पाट्या सारख्याच वाटतात. तशाच वाटोळ्या, तशाच निळ्या. एक म्हणते, इथे अमका राहिला, आणि ते खरे असते. दुसरीही तेच म्हणते, आणि ती गोष्ट असते. गोष्टीला गोष्टीचा मान द्यावा, भरपूर द्यावा. पण तिच्यावर इतिहासाची साले कोरली की हळूहळू खऱ्या पाट्यांवरचाही विश्वास पातळ होतो. मग कुणीतरी टिळकांच्या पाटीपुढे उभा राहून म्हणेल, “हंऽऽ, असतील राहिले. तिकडे होम्ससुद्धा राहत होता म्हणे!” मला भीती वाटते ती या ‘म्हणे’ची.

तर वाचकहो, निकाल असा. २२१ बी हे घर १८८१ साली नव्हते, १९०४ सालीही नव्हते. ते लेखकाच्या कागदावर होते, आणि त्यानंतर ज्यांनी ज्यांनी त्या पत्त्यावर पाकिटावर तिकीट चिकटवून पत्र टाकले, त्यांच्या मनात होते. या दुसऱ्या घराला मी खोटे म्हणणार नाही. कुणीतरी जाणता माणूस आहे, आपण आपले कोडे घेऊन त्याचा जिना चढावा आणि त्याने ते शांतपणे ऐकून घ्यावे, ही ओढ फार खरी आहे. अॅबे हाउसमधल्या त्या चिटणिसांनी ती ओळखली, म्हणून तर ते इतकी वर्षे उत्तरे देत बसले.

आपल्यापैकी कुणाला लंडनला जाण्याचा योग आला, तर बेकर स्ट्रीटला जरूर जावे. तिकीट काढावे, जिना चढावा, आणि वॉट्सनप्रमाणे विसरू नये म्हणून पायऱ्याही मोजाव्यात. मात्र तिथून निघालात की तसेच पुढे हाउली प्लेसपर्यंत चालत जावे, आणि किंग हेन्रीज रोडलाही जावे. तिथे बहुधा गर्दी नसेल. दारापुढे दोन मिनिटे उभे राहावे आणि पाटीवरची साले नीट वाचावीत. ती साले कुणीतरी तपासून घातलेली आहेत.